क्लाउड गेमिंग: सर्व्हर महापेत, खेळ हॉलमध्ये? घरच्या कन्सोलवर हे नेमकं किती जमतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग' ही सेवा भारतात अधिकृतपणे सुरू केली. जिओने तर 'जिओगेम्स क्लाउड'ची चाचणी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्येच आणली होती आणि ती टीव्हीला जोडलेल्या जिओ सेट-टॉप बॉक्सवरही चालत होती. जिओचं मुख्यालय नवी मुंबईत, घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये आहे. देशातल्या सर्वात मोठ्या डेटा सेंटर पट्ट्यांपैकी एक ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल या भागात उभा आहे.

त्यामुळे नवी मुंबईतल्या अनेक घरांत हल्ली एकच प्रश्न निघतो. कन्सोलसाठी ४०-५० हजार रुपये मोजायचे, की दरमहा वर्गणी भरून 'क्लाउड'वर खेळायचं? उत्तर देण्याआधी हे तंत्रज्ञान काय आहे, त्यातून काय मिळतं आणि कुठे फसायला होतं, हे समजून घेऊ.

क्लाउड गेमिंग म्हणजे काय?

नेहमीच्या कन्सोलमध्ये गेम तुमच्या घरातल्या पेटीत चालतो. डिस्क घातली किंवा गेम डाउनलोड केला की त्या पेटीतला प्रोसेसर चित्र तयार करतो आणि टीव्हीवर पाठवतो.

क्लाउड गेमिंगमध्ये ही पेटी डेटा सेंटरमध्ये असते. तुम्ही कंट्रोलरचं बटण दाबता, ती सूचना इंटरनेटवरून सर्व्हरकडे जाते. सर्व्हर गेममधलं पुढचं दृश्य तयार करतो, त्याचा व्हिडिओ बनवतो आणि तो तुमच्याकडे पाठवतो. हे चक्र सेकंदाला ६० वेळा चालतं. म्हणजे प्रत्येक दृश्यासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद.

यूट्यूब किंवा ओटीटीवर सिनेमा पाहणं आणि हे, यात मोठा फरक आहे. सिनेमा आधीच तयार असतो, त्यामुळे पुढची काही सेकंदं आगाऊ साठवून ठेवता येतात. नेट क्षणभर अडखळलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढच्या क्षणी तुम्ही काय करणार हे सर्व्हरलाच माहीत नसतं, त्यामुळे साठवून ठेवायला काहीच नसतं. जे घडतं ते त्याच क्षणी तयार होऊन त्याच क्षणी पोहोचावं लागतं.

'रिमोट प्ले' म्हणजे हेच का?

नाही, आणि इथे अनेकांची गल्लत होते. रिमोट प्लेमध्ये गेम तुमच्याच घरातल्या कन्सोलवर चालतो, फक्त त्याचं चित्र फोनवर किंवा दुसऱ्या पडद्यावर दिसतं. सोनीचं 'प्लेस्टेशन पोर्टल' हे उपकरण नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आलं ते मुळात याच कामासाठी. म्हणजे त्यासाठी आधी घरात पीएस५ हवा. क्लाउड गेमिंगमध्ये घरातल्या यंत्राने गेम चालवावा लागत नाही, फक्त व्हिडिओ उलगडून दाखवावा लागतो.

कन्सोल घरात असताना क्लाउड कशाला?

प्रश्न रास्त आहे. पेटी घरात आहेच, तर सर्व्हरवर कशाला खेळायचं? याची तीन कारणं आहेत.

पहिलं, डाउनलोडची वाट पाहावी लागत नाही. आजचे मोठे गेम १०० जीबीच्या पुढे जातात. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर १०० जीबी उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. एवढं करून गेम आवडलाच नाही तर? क्लाउडवर तोच गेम लगेच सुरू करून दहा मिनिटांत ठरवता येतं.

दुसरं, जागा वाचते. एक्सबॉक्स सिरीज एसच्या मूळ मॉडेलमध्ये ५१२ जीबीची साठवण आहे आणि त्यातली सगळी गेमसाठी मोकळी नसते. तीन-चार मोठे गेम टाकले की पेटी भरली.

तिसरं, आणि मध्यमवर्गीय घरांसाठी सर्वात महत्त्वाचं, जुन्या कन्सोलचं आयुष्य वाढतं. २०१३ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स वनवर 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' चालवण्याची ताकद नव्हती. मार्च २०२२ पासून तो त्या जुन्या कन्सोलवर खेळता येऊ लागला, कारण गेम प्रत्यक्षात सर्व्हरवर चालत होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्लाउड सेवा कन्सोलवर आणली, तेव्हा तिच्यामागचा मोठा हेतू हाच होता.

ज्यांच्याकडे कन्सोलच नाही त्यांचा फायदा उघड आहे. भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस ३४,९९० रुपयांना आणि सिरीज एक्स ४९,९९० रुपयांना आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कवाला पीएस५ ४९,९९० रुपयांना आला. ही रक्कम एकदम बाजूला काढणं अनेक घरांना जमत नाही. सेट-टॉप बॉक्स, एक कंट्रोलर आणि महिन्याची वर्गणी एवढ्यात तोच अनुभव मिळत असेल, तर आजवर दुकानाच्या काचेतूनच कन्सोल पाहणाऱ्या मुलांसाठी ती मोठीच गोष्ट आहे.

मग अडतं कुठे?

सगळ्यात आधी अडतं ते विलंबावर. याला लेटन्सी म्हणतात.

हे क्रिकेटच्या भाषेत पाहू. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू एका सेकंदात साधारण ३९ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर तो फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. आता समजा फलंदाजाला प्रत्येक गोष्ट १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उशिरा दिसते आहे. तेवढ्यात चेंडू जवळपास चार मीटर पुढे आलेला असेल. बॅट फिरेल, पण चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात असेल. फुटबॉल, मारामारी आणि गोळीबाराच्या ऑनलाइन गेममध्ये नेमकं हेच होतं.

हा विलंब एकाच ठिकाणी होत नाही. कंट्रोलर, वायफाय राउटर, इंटरनेट कंपनीचं जाळं, सर्व्हरवर दृश्य तयार होणं, त्याचा व्हिडिओ बनणं, परतीचा प्रवास, व्हिडिओ उलगडणं आणि शेवटी टीव्हीने तो दाखवणं, या प्रत्येक टप्प्यावर काही मिलिसेकंद जातात. कन्सोल घरातच असेल तर यातले मधले बरेच टप्पे नसतातच.

सर्व्हर किती लांब आहे, याने फरक का पडतो?

ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. हा निसर्गनियम आहे, कितीही महागडा प्लॅन घेतला तरी तो बदलत नाही.

मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद इथेच गेले. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत नसतात आणि वाटेत अनेक उपकरणं लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी वाढतो. चेन्नईत सर्व्हर असेल तर हा किमान आकडा १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पुण्यात असेल तर जेमतेम एक. आणि सर्व्हर महापेत, तर खेळाडू नेरुळमध्ये असेल तर अंतराचा प्रश्नच मिटतो.

म्हणूनच क्लाउड गेमिंगच्या कंपन्यांना खेळाडूंच्या जवळची डेटा सेंटर हवी असतात. भारतातले अनेक खेळाडू पूर्वी युक्त्या लढवून परदेशी सर्व्हरवरून या सेवा वापरत आणि अनुभव वाईट आला की 'क्लाउड गेमिंग फालतू आहे' असं ठरवून मोकळे होत. त्यातला मोठा दोष अंतराचा होता.

नवी मुंबईत डेटा सेंटर आहेत, मग इथे सगळं सुरळीत चालायला हवं ना?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा एकेकाळी रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आज त्याच पट्ट्यात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. महापेत कंट्रोलएस, रबाळेत सिफी अशा कंपन्यांची डेटा सेंटर आहेत. पनवेलमध्ये हिरानंदानी समूहाच्या योटाचं 'एनएम१' हे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झालं. त्याची क्षमता ७,२०० रॅकची आहे. शेजारच्या मुंबईत समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात, म्हणून हा उद्योग इथे वाढला.

पण धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी गत इथेही होऊ शकते. याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

एक तर, डेटा सेंटर जवळ आहे याचा अर्थ तुमचा गेम तिथेच चालतो असा नाही. या इमारतींमध्ये बँका, शेअर बाजाराशी संबंधित कंपन्या, ओटीटी आणि सरकारी कामाचे सर्व्हर असतात. गेमिंगसाठी चांगली ग्राफिक्स क्षमता असलेले वेगळे सर्व्हर लागतात. योटाच्या पनवेल केंद्रात २०२४ मध्ये एनव्हिडियाचे एच१०० प्रोसेसर दाखल झाले, त्याच्या मोठ्या बातम्या झाल्या. पण ते एआयसाठी बनवलेले आहेत, गेममधली दृश्यं रंगवण्यासाठी नाहीत.

दुसरं, डेटाचा रस्ता नकाशावरच्या रस्त्यासारखा सरळ नसतो. तुमची इंटरनेट कंपनी आणि गेमची कंपनी यांची जाळी कुठे एकमेकांना जोडली आहेत, यावर तो ठरतो. दोघांची गाठ मुंबईतच पडत असेल तर उत्तम. नसेल, तर वाशीहून निघालेली सूचना दुसऱ्या शहराला वळसा घालून कोपरखैरण्यात पोहोचू शकते.

तिसरं, शेवटचे दहा मीटर. डेटा सेंटरपासून इमारतीपर्यंत फायबर उत्तम असतं, आणि घोटाळा होतो तो हॉल आणि बेडरूमच्या मधल्या आरसीसी भिंतीत. खारघर किंवा उलव्यातल्या एखाद्या टॉवरमध्ये वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात हे सगळे एकमेकांच्या पायात पाय घालतात. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही, गेममध्ये लगेच जाणवतं.

डेटा किती जातो?

कन्सोलवर क्लाउड गेमिंगसाठी मायक्रोसॉफ्ट साधारण २० एमबीपीएस वेग सुचवत आली आहे. गूगलच्या स्टेडियाला ४के चित्रासाठी ३५ एमबीपीएस लागत.

याचा हिशेब सोपा आहे. २० एमबीपीएस सलग वापरले तर तासाला ९ जीबी जातात, ३५ एमबीपीएसला १५.७५ जीबी. फोनच्या हॉटस्पॉटवर रोज २ जीबी मिळत असतील, तर तासाला ९ जीबी या दराने ते सव्वातेरा मिनिटांत संपतील.

घरच्या ब्रॉडबँडवर चित्र बरं आहे. पण 'अनलिमिटेड' या शब्दामागेही मर्यादा असते. महिन्याला १,००० जीबीनंतर वेग कमी होणारा प्लॅन असेल, तर त्यात सुमारे १११ तासांचं क्लाउड गेमिंग बसतं. दोन भावंडं रोज दोन-दोन तास खेळली तर ही मर्यादा २८ दिवसांत गाठली जाईल. घरातल्यांचं ऑफिसचं काम आणि ओटीटी त्याशिवाय.

वर्गणी स्वस्त पडते की कन्सोल?

इथे आकडेमोड करायलाच हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम पास अल्टिमेटचा दर भारतात महिन्याला ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपये केला. अमेरिकेतही तो १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलर झाला. १,३८९ रुपयांनी वर्षाचे १६,६६८ रुपये होतात आणि दोन वर्षांचे ३३,३३६. म्हणजे सिरीज एसच्या सुरुवातीच्या किमतीच्या जवळपास. कमी दराच्या योजना आहेत, पण त्यात गेम आणि सुविधाही कमी मिळतात.

अर्थात कन्सोल घेतला तरी गेम वेगळे विकत घ्यावे लागतात आणि वर्गणीत शेकडो गेम मिळतात. त्यामुळे वर्षाला बरेच गेम चाखून पाहणाऱ्याला वर्गणी परवडते. वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणाऱ्याला ती महाग पडते.

गेम माझा असतो का?

क्लाउड गेमिंगचा सर्वात खोल प्रश्न हाच आहे, आणि जाहिरातींत तो कधी येत नाही.

डिस्क विकत घेतली की ती तुमची. मित्राला द्या, खेळून झाल्यावर विका, लॅमिंग्टन रोडवर जाऊन जुनी घ्या. कॅसेटच्या काळापासून महाराष्ट्रातल्या मुलांचं गेमिंग याच अदलाबदलीवर चाललं. क्लाउडवर यातलं काहीच शक्य नाही. वर्गणी थांबली की खेळ थांबला. वर्गणी चालू असतानाही कंपनीचा करार संपला की एखादा गेम यादीतून निघून जातो.

मग सेवाच बंद पडली तर? ही भीती काल्पनिक नाही.

• ऑनलाइव्ह: जून २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही या क्षेत्रातली पहिली मोठी सेवा. टीव्हीला जोडायची छोटी पेटीही तिने विकली. एप्रिल २०१५ मध्ये सेवा बंद झाली आणि तिची पेटंट सोनीने घेतली.

• गूगल स्टेडिया: नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. भारतात ती अधिकृतपणे आलीच नाही. गूगलने गेमचे आणि आपल्या दुकानातून विकलेल्या उपकरणांचे पैसे परत केले, पण अनेकांची खेळातली प्रगती तिथेच संपली.

• प्लेस्टेशन नाऊ: सोनीने २०१२ मध्ये गायकाई ही कंपनी ३८ कोटी डॉलरला घेतली आणि तिच्या आधाराने ही सेवा उभारली. जून २०२२ मध्ये ती प्लेस्टेशन प्लसमध्ये विलीन झाली. त्या वर्षी भारताला सर्वात वरची 'प्रीमियम' श्रेणी मिळाली नाही. तिच्याऐवजी 'डिलक्स' आली, आणि तिच्यात क्लाउड स्ट्रीमिंग नव्हतं. कारण साधं आहे: जिथे जवळ सर्व्हर नाहीत, तिथे ही सेवा विकता येत नाही.

वीज गेली तर?

डेटा सेंटरमध्ये डिझेल जनरेटर आणि बॅटऱ्यांची दुहेरी-तिहेरी सोय असते. घरच्या राउटरला नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा बराच भाग काही तास अंधारात गेला होता. अशा वेळी टीव्हीच बंद असतो, त्यामुळे कन्सोल काय आणि क्लाउड काय, दोन्ही सारखेच. पण वीज आहे आणि नेट नाही, ही वेळ पावसाळ्यात कितीतरी जास्त येते. रस्ता खोदताना केबल तुटली, तरी डिस्कवरचा एकट्याने खेळायचा गेम सुरू राहू शकतो. क्लाउडचा गेम राहत नाही.

ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यात हे येतं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालतो. खेळण्यासाठी वर्गणी देणं आणि जिंकण्याच्या आशेने पैसे लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणी घेणाऱ्या, पण पैज नसलेल्या गेमना कायद्यात जागा आहे. त्यामुळे गेम पाससारखी सेवा वापरणं बेकायदेशीर नाही.

पैसे भरण्याआधी काय तपासावं?

१. वेगापेक्षा पिंग पाहा. स्पीड टेस्टमध्ये ३०० एमबीपीएस दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. पिंगचा आकडा कमी आणि स्थिर हवा. तो सतत वर-खाली होत असेल तर गेम अडखळणार.

२. ही चाचणी रात्री ९ ते ११ मध्ये करा. दुपारी रिकाम्या जाळ्यावर सगळंच छान चालतं. अख्खी सोसायटी ओटीटी पाहत असते तेव्हा काय होतं ते महत्त्वाचं.

३. शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा. दोन-तीनशे रुपयांची केबल अनेकदा महागड्या प्लॅनपेक्षा जास्त फरक पाडते. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा आणि राउटर त्याच खोलीत ठेवा.

४. टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही स्वतःच बराच विलंब वाढवतो.

५. तुम्हाला हवा तो गेम क्लाउडच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. वर्गणीत असलेला प्रत्येक गेम क्लाउडवर असतोच असं नाही.

६. वर्षाची नव्हे, एका महिन्याची वर्गणी घ्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नेटवर पंधरा दिवस खेळल्याशिवाय कुणाच्याही व्हिडिओवर विश्वास ठेवू नका.

थोडक्यात, कुणासाठी काय?

कथा उलगडणारे, कोडी सोडवायचे, आळीपाळीने खेळायचे किंवा निवांत भटकंतीचे गेम क्लाउडवर छान चालतात. तिथे थोडा विलंब खपून जातो. स्पर्धेत उतरून खेळणाऱ्यांनी, खासकरून मारामारी आणि नेमबाजीच्या गेममध्ये, घरातल्या यंत्रालाच पसंती द्यावी.

ज्यांच्याकडे कन्सोल आहे त्यांच्यासाठी क्लाउड ही चांगली जोड आहे: आधी चाखून पाहा, आवडलं तर उतरवून घ्या. ज्यांच्याकडे कन्सोल नाही, पण चांगलं फायबर आहे, त्यांच्यासाठी या जगात शिरण्याचा हा कमी खर्चाचा दरवाजा आहे. आणि जे गेम दहा वर्षांनीही पुन्हा खेळावेसे वाटतील, ते डिस्कवर घेऊन कपाटात ठेवलेले बरे. सर्व्हर महापेत असो की सिंगापूरमध्ये, तो कधी बंद करायचा हे ठरवणारे आपण नसतो.